निवृत्तीनंतरचा छंद : पक्षी पाहायचा की मिळवायचा?

नोकरी संपण्याला आपण ‘निवृत्ती’ म्हणतो. कार्यालयीन कागदांवर हा शब्द इतका रुळला आहे, की त्याचा मूळ अर्थ आपल्या मनात येतही नाही. प्रवृत्ती म्हणजे मनाचे बाहेर धावणे आणि निवृत्ती म्हणजे त्या धावण्यातून मागे वळणे. वयाच्या ५८व्या किंवा ६०व्या वर्षी हातात पडणारा आदेश आपल्याला खुर्चीतून उठवतो. मनाला मात्र तो आदेश लागू होत नाही. ते पूर्वीच्याच वेगाने धावत राहते. फक्त आता त्याला धावायला जागा उरलेली नसते.

म्हणून निवृत्तीनंतर आपण कोणता छंद धरतो, आणि त्याहूनही तो कसा धरतो, याला महत्त्व आहे. अलीकडे अनेकांना पक्ष्यांच्या छायाचित्रणाची गोडी लागली आहे. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर भिगवणला जा, नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरला जा, गुजरातेत नल सरोवरावर जा किंवा कर्नाटकात रंगनथिट्टूला जा. पहाटेच्या थंडीत गळ्यात कॅमेरा अडकवलेली, कानटोपी घातलेली, केस पिकलेली माणसे हमखास भेटतात. कदाचित तुम्हीही त्यांच्यापैकी एक असाल, किंवा होण्याच्या विचारात असाल.

छंद सुंदर आहे, यात शंका नाही. पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो कॅमेरा विकत घेण्याआधीच स्वतःला विचारलेला बरा. मी पक्षी पाहायला निघालो आहे, की मिळवायला? पाहणारा आणि मिळवणारा एकाच झाडाखाली, एकाच प्रकारचा कॅमेरा घेऊन उभे असू शकतात. बाहेरून फरक दिसत नाही. तो पक्ष्याला कळतो, आणि थोडे थांबलो तर आपल्यालाही कळतो.

पुन्हा विद्यार्थी होताना

आधी या छंदाचे देणे पाहू. ते मोठे आहे.

तीस-पस्तीस वर्षे आपण आपल्या क्षेत्रातले जाणकार होतो. लोक विचारायला येत, आपल्या सहीला किंमत होती. कॅमेरा हातात आला की आपण एकदम बालवाडीत जाऊन बसतो. पहिल्या महिन्यातले फोटो कसे असतात? फांदी स्पष्ट आणि पक्षी धूसर. किंवा पक्षी नुकताच उडून गेलेली रिकामी फांदी. पांढरा बगळा दुपारच्या उन्हात नुसता पांढरा डाग होतो, तर काळा कोतवाल नुसता काळा.

मग एकेक गोष्ट उलगडू लागते. लेन्स जितकी लांब, तितका हाताचा कंप मोठा दिसतो. म्हणून ६०० मिलिमीटरच्या लेन्सला सेकंदाच्या निदान सहाशेव्या भागाइतका शटरचा वेग हवा. उडणाऱ्या पक्ष्याला तोच वेग दोन हजाराव्या भागापर्यंत न्यावा लागतो. सूर्य पाठीशी हवा. उगवतीनंतरचे दोन तास प्रकाश कलता आणि मऊ असतो, त्यानंतर तो पिसांचे रंग खाऊन टाकतो. पक्षी जमिनीवर असेल तर उभ्याने फोटो काढू नये. आपणही खाली बसावे, त्याच्या नजरेच्या पातळीवर यावे.

आणि हे सारे यंत्राचे झाले. त्याहून मोठे शिक्षण पक्ष्याचे असते. वेडा राघू फांदीवरून झेप घेतो, हवेतच किडा पकडतो आणि बहुधा त्याच फांदीवर परत येतो. हे ज्याला ठाऊक आहे, तो त्याच्यामागे धावत नाही, फांदीवर नजर ठेवून बसतो. शिक्रा किंवा घार उडण्यापूर्वी पुष्कळदा शिटते, म्हणून ते दिसताच बोट बटणावर तयार ठेवायचे. असल्या गोष्टी आपल्याला शिकवणारा बहुधा आपल्या मुलाच्या वयाचा असतो. ‘काका, श्वास सोडताना बटण दाबा,’ असे तो सांगतो आणि आपण मान डोलावतो.

‘मला हे येत नाही’ असे किती वर्षांत आपण म्हटलेले नसते! जाणतेपणाचा जो थर वर्षानुवर्षे अंगावर चढतो, तो उतरवायला कितीतरी प्रवचने कमी पडतात. इथे एक चिमुकला शिंजीर तो पाच मिनिटांत उतरवतो. तो स्थिर बसतच नाही आणि आपल्या हुद्द्याची त्याला कल्पना नसते. आपण विचारले, हुकूम केला, विनवणी केली, तरी तो त्याला हवे तेव्हाच समोर येतो. ज्यांच्या वेळेवर आपला ताबा चाले, अशा माणसांत आयुष्य गेल्यावर ज्याच्यावर आपला काडीचाही ताबा नाही, अशा जीवाची वाट पाहणे हा एक संस्कारच आहे.

बंदूक आणि कॅमेरा

आता प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे येऊ. त्यासाठी राजस्थानात भरतपूरला जावे लागेल.

केवलादेव राष्ट्रीय उद्यान आज जगभरच्या पक्षिप्रेमींचे तीर्थस्थान आहे. १९८५ मध्ये त्याची जागतिक वारसा स्थळांत नोंद झाली. त्या उद्यानात केवलादेवाच्या मंदिराजवळ काही शिलालेख आहेत. ते स्तुतिस्तोत्रांचे नाहीत, शिकारीच्या हिशेबाचे आहेत. कोणत्या तारखेला, कोणत्या पाहुण्यांच्या सन्मानार्थ, किती बंदुका आणि किती पक्षी, असे आकडे दगडात कोरलेले आहेत. त्यांतला सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या त्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

योगायोग असा, की त्याच दिवशी डॉ. सलीम अली ४२ वर्षांचे झाले. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. पुढे हेच पाणथळ शिकारीतून सुटून पक्ष्यांचे आश्रयस्थान व्हावे, यासाठी त्यांनी मोठे काम केले. आणि स्वतः सलीम अलींची पक्ष्यांशी ओळख कशी झाली? लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कुणाला सांगता येईना, म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे त्यांच्यापुढे पक्ष्यांच्या नमुन्यांचे कपाट उघडले गेले, आणि एक आयुष्य वळले. मिळवण्यापासून सुरुवात झालेला माणूस पाहण्यापर्यंत जाऊ शकतो, हे त्यांच्या चरित्रातून दिसते.

तुम्ही म्हणाल, बंदुकीचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध? आपण तर कुणाला मारत नाही. खरे आहे. पण थोडे बारकाईने पाहा. फोटो काढण्यालाही आपण ‘शूट’च म्हणतो. दूरवरून परत आल्यावर एकमेकांना विचारतो, ‘आज काय काय मिळाले?’ ज्याला दुर्मीळ पक्षी मिळाला, त्याचा चेहरा फुलतो. ज्याला मिळाला नाही, तो परतीच्या गाडीत गप्प असतो. आपल्या यादीत २०० जाती झाल्या, शेजारच्या गृहस्थांच्या ३०० झाल्या, हे मनात कुठेतरी टोचत राहते. दगडाच्या जागी आता मोबाईलचा पडदा आला आणि रक्त सांडले नाही, ही फार मोठी प्रगती आहे. तिला कमी लेखू नये. पण मोजण्याची, मिरवण्याची आणि आपल्या नावावर करण्याची ती जुनी ओढ जागच्या जागी असू शकते. अहिंसा हाताने पाळली गेली, मनाने पाळायची अजून बाकी आहे.

अर्जुनाचा पक्षी आणि वाल्मीकींचा पक्षी

आपल्या परंपरेत पक्षी पाहण्याच्या दोन प्रसिद्ध कथा आहेत. दोन्ही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पहिली द्रोणाचार्यांच्या परीक्षेची. झाडावर एक पक्षी ठेवला आहे आणि शिष्यांना विचारले जाते, काय दिसते? कुणाला झाड दिसते, कुणाला गुरू आणि भाऊ दिसतात. अर्जुनाला मात्र लक्ष्याशिवाय काहीच दिसत नाही. आपण मुलांना ही कथा एकाग्रतेचा आदर्श म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पक्ष्यांच्या छायाचित्रणातही पहिला धडा हाच असतो. डोळा स्पष्ट आला नाही तर सारा फोटो निर्जीव वाटतो. आता तर असे कॅमेरे निघाले आहेत, जे पानांच्या गर्दीतूनही पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधून त्यावर स्थिरावतात. अर्जुनाला जे साधनेने आले, ते यंत्राला आले.

पण त्या कथेतली एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. तो पक्षी कृत्रिम होता. त्याला घरटे नव्हते, जोडीदार नव्हता, भूक नव्हती. म्हणून त्याच्या डोळ्याखेरीज बाकी काही न दिसणे तिथे निर्दोष होते.

दुसरी कथा तमसा नदीच्या तीरावरची. वाल्मीकी स्नानाला निघाले आहेत. क्रौंच पक्ष्यांची एक जोडी आपल्यातच रमलेली त्यांना दिसते. ते थांबतात आणि पाहतात. तेवढ्यात पारध्याचा बाण येतो, नर कोसळतो आणि मादी आक्रोश करते. त्या आक्रोशाने ऋषींच्या तोंडून जे उद्गार निघाले, त्यांतून काव्याचा उगम झाला, असे आपण मानतो. हा क्रौंच म्हणजे सारस असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. माणसाएवढा उंच, जोडीने राहणारा हा पक्षी महाराष्ट्रात आता गोंदियाच्या परिसरातच काय तो आढळतो आणि भाताच्या शेतात घरटे करतो.

वाल्मीकींनाही पक्षी दिसला, पण त्यांना त्याच्यासोबत त्याची जोडीदारीणही दिसली. तिचे सुख दिसले, म्हणून तिचे दुःखही दिसले. पारध्यालाही तोच पक्षी दिसत होता. त्याची एकाग्रता कमी नव्हती. नेम अचूक लागला, म्हणजे ती पुरेशी होती. एकाग्रता आपल्याला बाणही मारू देते आणि श्लोकही रचू देते. तिच्यात स्वतःचे असे पुण्य नाही. तिच्याबरोबर करुणा आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते.

आपण साधक ध्यानाच्या एकाग्रतेला फार मान देतो. तेव्हा हे लक्षात ठेवायला हवे. कॅमेऱ्याच्या चौकटीतून पाहताना आपण एक डोळा मिटतो, आणि चौकटीबाहेरचे सारे नाहीसे होते. त्या नाहीशा झालेल्या भागात पक्ष्याचे जगणे असते. म्हणून मधूनमधून कॅमेरा खाली करून दोन्ही डोळ्यांनी पाहावे, हा नियम तंत्राचा नसला तरी धर्माचा आहे.

घरट्यापाशी होणारी परीक्षा

हा सगळा विचार घरी बसून पटतो. त्याची परीक्षा घरट्यापाशी होते.

टिटवीचे उदाहरण घ्या. ती माळावर, उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते, बहुधा चार. रंग असा, की पायाखाली आली तरी दिसू नयेत. हे सारे ऐन उन्हाळ्यात. अंड्यांना ऊब देण्याइतकेच त्यांना उन्हापासून वाचवणे गरजेचे असते, म्हणून नर आणि मादी आळीपाळीने त्यांच्यावर सावली धरून बसतात. पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतात. आता आपण तिथे फोटोसाठी गेलो. टिटवी उठली, ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली. आपल्याला वाटते, काय सुंदर उडतानाचा फोटो मिळतो आहे! पण ती जेवढा वेळ हवेत आहे, तेवढा वेळ अंडी उन्हात आहेत. शिवाय तिच्या ओरडण्याकडे आणि आपल्या हालचालीकडे कावळ्याचे लक्ष असतेच.

धनेशाचे पाहा. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचे तोंड लिंपून फक्त चोच मावेल एवढी फट ठेवते. कित्येक आठवडे तिचे आणि पिल्लांचे खाणे नर त्या फटीतून आणून देतो. झाडाखाली माणसांची गर्दी पाहून नर लांबच्या फांदीवर थांबून राहिला, तर आत कुणीतरी उपाशी असते. ते आपल्याला चौकटीत दिसत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, ती यासंदर्भात वाचण्यासारखी आहे. पक्षी मारणे किंवा पकडणे तर तिच्यात आहेच. वन्य पक्ष्यांची अंडी खराब करणे आणि त्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे, यालाही तिथे शिकारच म्हटले आहे. म्हणजे वर जो संबंध आपल्याला ओढूनताणून जोडलेला वाटला असेल, तो कायद्याने केव्हाच मान्य केला आहे.

तरीही मन युक्तिवाद करते. ते युक्तिवाद प्रामाणिकपणे ऐकून घेऊ.

पहिला युक्तिवाद : फोटोंमुळेच लोकांना पक्ष्यांविषयी प्रेम वाटते, संरक्षणाला मदत होते. हे खोटे नाही. ज्याचे रूप कधी पाहिलेच नाही, त्याच्यासाठी कुणाचा जीव तुटत नाही. पण प्रेम निर्माण करायला पाण्यावर उतरणारा रोहित पुरतो, फांदीवर गाणारा दयाळ पुरतो. त्यासाठी घरट्यावरची पाने बाजूला सारण्याची गरज नसते. चांगल्या हेतूने काढलेल्या आणि स्वतःसाठी काढलेल्या फोटोत टिटवीला फरक करता येत नाही.

दुसरा युक्तिवाद : मी एकटा दोन मिनिटे थांबलो तर काय बिघडणार? आपण एकटे क्वचितच असतो. ‘अमक्या ठिकाणी नवरंगाचे घरटे आहे’ हा निरोप एका गटातून दुसऱ्या गटात जातो, आणि रविवारपर्यंत तिथे प्रत्येकी दोन मिनिटांची रांग लागते. प्रत्येक जण निर्दोष असतो आणि घरटे मात्र रिकामे होते.

तिसरा युक्तिवाद सर्वांत अवघड आहे, कारण तो खरा आहे : ‘माझ्याकडे आता फार वर्षे उरलेली नाहीत. ही संधी पुन्हा येणार नाही.’ पासष्टीच्या माणसाचे हे वाक्य हसण्यावारी नेता येत नाही. त्यामागे आयुष्यभर इतरांसाठी पुढे ढकललेल्या इच्छा आहेत. त्याला एवढेच म्हणता येईल, की पक्ष्याच्याही आयुष्यात विणीचे हंगाम मोजकेच असतात. आपले थोडे उरले आहे, म्हणून दुसऱ्याचे थोडके घ्यावे, हे न्यायाचे होत नाही. उलट, आयुष्य मोजके आहे ही जाणीव ज्याला झाली, त्यालाच दुसऱ्याच्या मोजकेपणाची कदर करता यायला हवी. वयाने येणारे शहाणपण म्हणतात ते हेच असावे.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला समोर बोलावणे, हाही याच प्रकारातला मोह आहे. त्या पक्ष्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो गाणे, खाणे, पिल्ले सोडून त्या नसलेल्या शत्रूशी लढायला येतो. आपल्याला फोटो मिळतो. पण ज्या सत्याचे व्रत आपण माणसांशी बोलताना पाळतो, ते पक्ष्याशी बोलताना का सोडावे?

दुसरे कार्यालय थाटू नये

परीक्षेचा आणखी एक प्रकार आहे. तो घरट्यापाशी होत नाही, घरी आल्यावर होतो.

आपण फोटो गटात टाकतो आणि अर्ध्या तासात दहा वेळा मोबाईल उघडतो. किती जणांना आवडला? अमुक साहेबांनी पाहिला, पण काही म्हटले नाही. मग वाटू लागते, आपली लेन्स जुनी झाली. नवी घ्यावी. चांगल्या लेन्सची किंमत लाखाच्या पुढे जाते आणि वजन दोन किलोच्या आसपास. पेन्शनमध्ये ते बसते का, घरात कुणाच्या औषधपाण्याला ते पैसे लागतील का, जोडीदाराला इतक्या वर्षांनी आपल्यासोबत सकाळचा चहा हवा आहे का, हे प्रश्न मागे पडतात. बढती, तुलना, वरिष्ठांची मर्जी, उद्दिष्टपूर्ती, सारे काही नव्या जागी पुन्हा थाटले जाते. खुर्ची सोडली आणि कार्यालय बरोबर घेऊन आलो, असे होते.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. नाथांच्या टीकेमुळे मराठी माणसाला ते परिचित आहेत. त्यांत एक कुरर पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून बलवान पक्षी त्याच्यामागे लागले. त्याने तुकडा टाकून दिला, तेव्हा त्याला कुणी छळेना आणि तो सुखी झाला. दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोला आपण मारलेली मिठी त्या तुकड्यासारखी तर नाही ना, हे कधीतरी तपासून पाहावे. फोटो काढू नये किंवा दाखवू नये, असा याचा अर्थ नव्हे. दाखवावा, आनंद वाटावा. पण कौतुक आले नाही म्हणून सकाळचा आनंद कमी झाला, तर तो आनंद आपला कधी नव्हताच, तो इतरांच्या अंगठ्यावर अवलंबून होता.

शेवटी उरते ते

उपनिषदांत एका झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांची प्रतिमा आहे. एक फळे खातो, दुसरा न खाता नुसता पाहत राहतो. खाणारा जीव आणि पाहणारा साक्षी. ही प्रतिमा आपण अनेकदा ऐकली आहे. पक्ष्यांमागे हिंडणाऱ्या माणसाला ती अधिक जवळची वाटायला हवी, कारण त्याच्या हातात तर पाहण्याचेच साधन आहे. तरी तोही फळ खाणाराच ठरू शकतो.

इथे एक शंका येईल. साक्षीभाव म्हणजे अलिप्तता, आणि वर तर आपण वाल्मीकींसारखे द्रवण्याची गोष्ट केली. दोन्ही एकत्र कसे बसतील? माझ्या समजुतीप्रमाणे अलिप्त राहायचे ते ‘मला काय मिळाले’ यापासून, समोरच्या जीवापासून नव्हे. स्वतःचा लाभ चौकटीतून काढून टाकला की दुसरा जीव अधिक स्पष्ट दिसू लागतो. म्हणून खरा साक्षी कोरडा नसतो.

हे सारे शिकण्याची निकड का आहे? कारण एक दिवस कॅमेरा उचलणार नाही. गुडघे बसू देणार नाहीत, हाताचा कंप कोणत्याही वेगाने लपणार नाही, मोतीबिंदूने पिसांचे रंग फिकट होतील. ज्याने इतकी वर्षे फक्त मिळवले, त्याच्याजवळ त्या दिवशी भरलेल्या हार्ड डिस्क असतील आणि मन रिकामे असेल. ज्याने पाहायला शिकून घेतले, त्याला गॅलरीतल्या खुर्चीवरून तांबटाची टुक-टुक ऐकू येईल आणि तो सांगेल, उन्हाळा लागला. त्याची सकाळ वाया जाणार नाही.

काही छोटे नियम सांगतो. त्यांना संकल्प म्हणा. जमेल तेवढे घ्या.

१. पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू द्या. आधी आवाज ऐका, हालचाल पाहा.

२. पक्षी खाणे सोडून आपल्याकडे पाहू लागला, ओरडू लागला किंवा चोचीत चारा घेऊन ताटकळत बसला, की समजावे आपण फार जवळ आलो. फोटो मिळो न मिळो, मागे फिरावे.

३. घरट्याचा फोटो नाही, आवाज लावून बोलावणे नाही. घरट्याचा ठावठिकाणा कुणालाही सांगायचा नाही.

४. आठवड्यातून एक सकाळ घराजवळच्या नेहमीच्या पक्ष्यांना द्या. सातभाई, साळुंकी, बुलबुल, वंचक यांना वर्षभर पाहिलेल्या माणसाला जे कळते, ते दुर्मीळ पक्ष्यामागे गाडी पळवणाऱ्याला कळत नाही.

५. जे पाहिले, त्याची नोंद कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या. दर फेब्रुवारीत होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये २०१३ पासून भारतीयही भाग घेतात. किमान पंधरा मिनिटे एका जागी पक्षी मोजून ‘ई-बर्ड’वर नोंदवायचे असतात. कावळे, पारवे, चिमण्या यांचीही नोंद तिथे मोलाची असते. देशभरातील अशा सामान्य माणसांच्या नोंदींवरूनच कोणते पक्षी कमी होत आहेत, हे अभ्यासकांना कळू लागले आहे. निवृत्त माणसाजवळ वेळ आहे, धीर आहे. ही सेवा त्याच्यासारखी दुसरे कोण करील?

सलीम अली आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. पहिला खंड आला तेव्हा सलीम अली सत्तरी ओलांडून गेले होते. महाराष्ट्रात त्यांचा आणि अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. उतारवयात डोळे उघडे ठेवून जगण्याला किती अर्थ असू शकतो, हे या दोघांच्या आयुष्यांत दिसते.

तुमच्याकडे कॅमेरा असो वा नसो, उद्या सूर्योदयाच्या वेळी पंधरा मिनिटे खिडकीत किंवा अंगणात बसून पाहा. जो पहिला पक्षी दिसेल, त्याचे नाव, त्याची यादी, त्याचा फोटो, सारे क्षणभर बाजूला ठेवा. तो काय करतो आहे, कशाला घाबरतो आहे, कुणाला बोलावतो आहे, एवढेच पाहा. छायाचित्रणाचा वर्ग लावायचा असेल तर नंतर जरूर लावा.